एर्कोलेची पाटी

"कोण करू?" फ्लोरियानोने विचारलं. चौथऱ्यावर चढून त्याने सवयीने सदरा काढला, घडी घालून कडेला ठेवला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. "पेत्र करू, का फ्रान्सिस?"

दोन दिवसांनी, शनिवारी सकाळी, बाजारचौकात त्याच्या मुलाला फाशी होणार होती. आणि हा मला विचारत होता कोण करू. मला असा राग आला म्हणता! पण नेमका कुणाचा आला ते धड कळेना. "पेत्र कर," मी म्हणालो. "आणि सदरा घाल आधी, थंडी आहे."

त्याने सदरा घातला आणि गुडघे टेकले. टेकले म्हणजे काय, आधी एक हात फळीवर, मग एक गुडघा, मग कण्हत दुसरा. पासष्टी उलटलेला माणूस. पण एकदा खाली बसल्यावर मात्र बोटांत बोटं गुंफली, हात छातीपासून वीतभर पुढे आणले, मान उजवीकडे कलती केली, ओठ जरासे उघडे ठेवले आणि डोळे छताला लावले. झाला पेत्र. आपल्या गुरूची ओळख तीनदा नाकारून मग पहाटे ढसाढसा रडणारा संत पेत्र. आमच्या बोलोन्यात चार देवळांत हा पेत्र आहे, आणि चारही ठिकाणी तो फ्लोरियानोच आहे.

मी सान्ते. मालक लात्तान्झियोंच्या चित्रशाळेत माझी एकतीस वर्षं गेली. चेहरे मालक काढायचे, हात माझे. संतांचे हात. छातीवर एकावर एक ठेवलेले, आभाळाकडे पसरलेले, क्रूसाला कवटाळणारे, कपाळ बडवणारे. निळसर कागद, तांबडा खडू, उजेड पडतो तिथे किंचित पांढरा. माणसं देवळात जातात, वर बघतात आणि म्हणतात, काय भक्ती आहे हो त्या हातांत! त्या हातांत दोरी असते. छताला कडी, कडीतून दोरी, आणि हात वर केलेल्या संताने ती धरून बसायचं, नाहीतर घटकाभरात हात खाली येतात. कागदावर दोरी काढायची नाही, एवढंच आमचं कसब.

फ्लोरियानो मूळचा हमाल. कालव्याच्या काठाला अंबाडीचे गठ्ठे वाहायचा. मालकांनी त्याची मान बघितली, दाढी बघितली आणि उचलून आणला. त्याच्या अंगात अकरा संत मुरले होते. नुसतं नाव घ्यायचा अवकाश, की आंद्रेस तयार, जेरोम तयार. बाकी स्वतः तो काही देवभोळा वगैरे नव्हता. रविवारी प्रार्थनेला उभ्या उभ्या डुलक्या घ्यायचा. सणाच्या दिवशी बायका त्याच्याच चित्रापुढे मेणबत्ती लावायला त्यालाच कोपराने ढकलून पुढे जायच्या, आणि हा बाजूला होऊन त्यांना वाट द्यायचा. मला त्याची फार गंमत वाटायची. त्याला वाटत नसे. म्हणायचा, काम आहे रे ते, त्यात काय.

बायको लवकर गेली, तेव्हा तो एर्कोलेला सोबत घेऊन यायला लागला. पोर कोपऱ्यात बसून टाकाऊ कागदांच्या पाठीवर खडूच्या तुकड्यांनी गिरबटत असे. डावखुरा होता. मालकांनी दोनचारदा त्याच्या हातावर फटके दिले, मग सोडून दिलं, कारण त्याचा हात मुळात चांगला होता. आम्ही सगळे छाया भरताना रेघा एका अंगाला कलत्या ओढतो, त्याच्या बरोबर उलट्या अंगाला कलत्या यायच्या, आणि एकसारख्या, स्वच्छ. शिकाऊ म्हणून ठेवून घ्या, असं मी मालकांना एकदा सुचवलं होतं. मालकांचे दोन पुतणे रांगेत होते, त्यामुळे तो विषय तिथेच बारगळला. चौदाव्या वर्षी एर्कोले रेशमाच्या गिरणीत लागला.

आता आमच्या गिरण्यांचं तुम्हाला ठाऊक असेल. पाण्यावर फिरणारं ते चक्र, एका वेळी शेकडो धागे पिळणारं, ते आत कसं बसवलंय हे गावाबाहेर कुणाला सांगितलं की गळ्याला फास. लहान मुलांनासुद्धा हे माहीत असतं. एर्कोलेलाही माहीत होतं. पण चोविसाव्या वर्षी माणूस शहाणा असतोच असं नाही. परगावचा कुणी व्यापारी त्याला भेटला, म्हणाला तुझ्यासारख्या हाताचा माणूस इथे धाग्याच्या चात्या पुसत काय बसलास, मला चक्राचं चित्र काढून दे, तिकडे तुला नकाशे काढायला ठेवतो. एर्कोलेने काढून दिलं. त्याला कुणीतरी चित्रं काढायला ठेवणार होतं, यातच तो गेला. व्यापारी वेशीवर पकडला, आणि त्याच्या जाकिटाच्या अस्तरात तो कागद सापडला. व्यापाऱ्याने नाव सांगितलं नाही. तो चौकशीतच मेला.

तेव्हा कागद घेऊन कारकून आमच्याकडे आला. गावात रेघ ओळखणारी माणसं म्हणजे आम्ही.

तो फाशीच्या काही आठवडे आधीचा सोमवार होता. मालक एका देवळात भिंतीचं माप घ्यायला गेले होते. चौथऱ्यावर फ्लोरियानो जेरोम होऊन बसला होता, उघडा, खांद्यावर तांबडी शाल, हातात दगड. मी पाय काढत होतो, कारण त्या दिवशी हात झाले होते. कारकून भला माणूस होता, आवाज चढवून बोलला नाही. त्याच्या मागे एक शिपाई. कारकून म्हणाला, एक कागद दाखवायचाय, कुणाच्या हातचा आहे सांगता का बघा.

आधी मला दाखवला. चक्र होतं, दाते होते, चात्यांच्या रांगा होत्या, आणि छायेच्या रेघा सगळ्या उलट्या अंगाला. मी पाहिलं, ओळखलं. म्हणालो, हे काही आमच्या कामातलं दिसत नाही, यंत्राचं आहे, कुणी सुताराने काढलं असेल.

इतक्यात फ्लोरियानो चौथऱ्यावरून उतरला. त्याला कुणी विचारलंही नव्हतं. तीस वर्षं चित्रकारांत बसलेला माणूस, त्याला वाटायचं आपल्यालाही कळतं, आणि खरंच कळायचं. त्याने माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं. मी खोकलो. पायावर पाय दिला. त्याचं लक्षच नव्हतं. एवढा उजळलेला चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता.

"सुताराने?" तो म्हणाला. "सान्ते, डोळे गेले का तुझे? हा आमच्या एर्कोलेचा हात आहे. रेघ बघ ना कशी खालून वर जाते. डाव्या हाताशिवाय अशी येणार नाही. अख्ख्या गावात दुसरं कुणी काढून दाखवू दे."

कारकुनाने विचारलं, नक्की का? फ्लोरियानो म्हणाला, बाप आहे मी त्याचा. वर हेही सांगितलं की पाचव्या वर्षापासून काढतो, कुणी शिकवलं नाही. कारकुनाने ते सगळं लिहून घेतलं, आणि फ्लोरियानोने खाली फुली मारली. शिपाई त्याच्याकडे बघेना, जमिनीकडे बघत होता. मग ते गेले, आणि फ्लोरियानो मला म्हणाला, मालकांना सांग हं, कचेरीपर्यंत पोचलं म्हणावं पोराचं चित्र.

मी त्याला सांगितलं ते चित्र कशाचं होतं. कसं सांगितलं ते आठवत नाही. जेरोमची शाल खांद्यावर तशीच घेऊन तो रस्त्यावर पळाला, गिरणीच्या दिशेने, पण शिपाई घोड्यावर होते.

त्यानंतर मी स्वतःला कितीदा विचारलं की मी तेव्हा, हा माझाच हात आहे, असं का नाही म्हणालो. मला बायको होती, मुली होत्या, मी भित्रा आहे. उत्तर एवढंच आहे.

कोर्टात बापाची जबानी वाचून दाखवली तेव्हा एर्कोलेने मान वर केली म्हणतात, आणि खटला संपेपर्यंत तो पुन्हा एक अक्षर बोलला नाही.

आता पाटीचं सांगतो. फाशीच्या माणसाला शेवटपर्यंत सोबत करणारं आमचं एक मंडळ आहे. काळे झगे, तोंडावर टोपडं, डोळ्यांपुरती भोकं. मी त्यात अठरा वर्षं आहे. आमच्याकडे एक लाकडी पाटी असते, खाली दांडा असलेली, हातभर उंच. तिच्यावर संत काढलेला असतो. कोठडीचं दार उघडलं की आमच्यातल्या एकाने ती त्या माणसाच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर धरायची, आणि उलटं चालत जायचं, थेट शिडीपर्यंत, शिडीवरसुद्धा. त्याला गर्दी दिसू नये, दोर दिसू नये, फक्त संत दिसावा. शेवटी त्याने पाटीचं चुंबन घ्यायचं. घेतलं, पश्चात्तापाचे शब्द म्हटले, की मंडळ त्याला आपल्या दफनभूमीत पुरतं, कफन घालून, रीतसर. नाही घेतलं तर तो गेला वेशीबाहेर, जिथे मेलेली खेचरं टाकतात तिथे.

आमची पाटी जुनी झाली होती. इतक्या ओठांनी संताचा चेहरा पार पुसून टाकला होता, नाक नाही, डोळे नाहीत, दाढीचा नुसता डाग. मंडळाचे प्रमुख डॉन आल्बेरिगो यांनी ती माझ्याकडे दिली आणि म्हणाले, शनिवारपर्यंत नवीन करून दे. मी सांगितलं, रंग तोवर वाळायचा नाही. ते म्हणाले, मग कागदावर काढ आणि चिकटव. पण पश्चात्ताप दिसला पाहिजे. तो पोरगा भिंतीकडे तोंड करून बसलाय. कुणाचं ऐकत नाही. म्हणतो, मला बाप नाही, आणि वरचाही नको.

बुधवारी फ्लोरियानो आला. शिक्षा झालेल्या माणसाला घरच्यांनी भेटायचं नाही असा नियम आहे. शेवटच्या दिवशी रक्ताचं माणूस दिसलं की जीव जगाला चिकटतो, असं म्हणतात. त्याने सगळीकडे हात जोडून झाले होते. बाकावर पालथी ठेवलेली पाटी त्याने उलटून पाहिली, पुसलेल्या तोंडावर बोट ठेवलं आणि म्हणाला, इथे मला काढ.

मी त्याला समजावलं. ते पोरगं तुझं नाव काढत नाही. ऐन शिडीपाशी तुझं तोंड दिसलं आणि त्याचं डोकं भडकलं, तर जी काही आशा आहे तीही जाईल. चुंबन दूर राहिलं, थुंकेल तो.

"थुंकू दे," फ्लोरियानो म्हणाला. "तोंडावर थुंकू दे माझ्या. पण बघू दे रे, सान्ते. शेवटी शेवटी त्याच्यासमोर मी असायला पाहिजे. दुसरा कोण असणार?"

मी नाही म्हणायला हवं होतं की नको, मला आजही ठरवता येत नाही. पण मी त्याला गुरुवारी सकाळी ये म्हणालो. मालकांना काही सांगितलं नाही.

तर तो आला आणि त्याने पेत्र केला. मी कागद लावला, खडू घेतला, बघायला लागलो आणि खडू खाली ठेवला. तोच पेत्र होता. जसा गेली वीस वर्षं करत होता तसाच, तीच कलती मान, तेच अर्धवट उघडे ओठ. पोटचा पोरगा मरणार आणि याच्या भुवईत, बोटांत, कुठेही काही वेगळं नव्हतं. मी म्हणालो, फ्लोरियानो, आज सोंग नको. आज तू जसा आहेस तसा बस.

त्याने प्रयत्न केला. डोळे खाली आणले, बोटं सोडवली. हात मांड्यांवर पडले ते नुसते पडूनच राहिले. कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. कधी उलटे करी, कधी सदऱ्याची कड धरी. चेहऱ्यावर काही म्हणता काही नव्हतं, हमाल गठ्ठ्याची वाट बघत बसतो तसा बसला होता. मी बराच वेळ बघत राहिलो. हे काढलं तर डॉन आल्बेरिगो पाटी माझ्या डोक्यात घालतील, हेही डोक्यात येत होतं, खोटं कशाला बोलू.

"मला नाही येत," तो म्हणाला. "दुसरं काही येत नाही मला. पेत्र करतो, तेवढाच काढ."

आणि पुन्हा बोटं गुंफली. मी काढायला लागलो. दुपारपर्यंत काढत होतो. मध्ये दोनदा विचारलं उठतोस का, पाय मोकळे करतोस का, तो मान हलवायचा नाही, फक्त डोळ्यांनी नाही म्हणायचा. हात मी नेहमीसारखे काढले, पण तेव्हा मला रडू येत होतं. खडूची रेघ ओली होऊ नये म्हणून मी मागे सरकून सरकून काढत होतो. माझ्या नोकरीत असं एकदाच झालं.

शुक्रवारी पाटी दाखवली. डॉन आल्बेरिगो यांनी ती लांब धरून पाहिली आणि म्हणाले, ठीक आहे, अश्रू आणखी दोन हवेत. मी दोन अश्रू वाढवले.

शनिवारी उजाडल्यावर माझी पाळी होती. आधी जे दोघं त्याच्याजवळ बसले होते ते डोळे चोळत बाहेर आले आणि मान हलवून गेले. प्रार्थना नाही, कबुली नाही, पाणीसुद्धा नाही. धर्मगुरू तेवढे दारापाशी थांबले होते. घंटा सुरू झाली. दार उघडलं, आणि मी पाटी वर केली.

एर्कोलेने डोळे मिटून घेतले. त्याला पाटीची रीत माहीत होती, सगळ्या गावाला माहीत असते. हात पुढे बांधलेले, डोळे गच्च मिटलेले, असा तो चालायला लागला. मी उलटा चालत होतो, माझ्या कमरेला धरून मंडळातला दुसरा माणूस मला मागे नेत होता. अख्खा रस्ता तो तसाच आला. कुणीतरी सालं फेकली, कुणीतरी गिरणीचं नाव घेऊन शिवी दिली, बायका रडत होत्या. त्याचे डोळे उघडले नाहीत. माझे दंड भरून आले होते. मला वाटलं, झालं, फुकट गेलं सगळं, हा आता वेशीबाहेर जाणार, आणि हे मी जाऊन फ्लोरियानोला कोणत्या तोंडाने सांगू?

पण शिडी डोळे मिटून चढता येत नाही. पाय कुठे टाकायचा ते बघावं लागतं. दोन शिड्या असतात, एक त्याची, एक आमची. पहिल्या पायरीपाशी त्याचा पाय अडखळला, आणि त्याने डोळे उघडले.

त्याने पाहिलं. मला टोपड्याच्या भोकातून त्याचा एवढासा चेहरा दिसत होता. आधी काहीच झालं नाही. मग त्याची नजर कागदावरून सावकाश फिरायला लागली, दाढीवरून, बोटांवरून, कडेच्या रेघांवरून, चित्रशाळेतली माणसं बघतात तशी.

"उजेडाकडे घे, सान्तेकाका," तो म्हणाला. "सावली पडतेय."

माझं तोंड झाकलेलं होतं. त्याने बहुतेक हात ओळखला, कागदावरचा. मी पाटी जरा तिरपी केली.

"कधी काढलंस हे?"

"परवा," मी म्हणालो. आम्ही प्रार्थनेशिवाय काही बोलायचं नसतं. मी बोललो.

"परवा बसला होता तो? किती वेळ?"

"सकाळपासून दुपारपर्यंत."

"खाऊन बसला होता?"

अठरा वर्षांत मला त्या शिडीपाशी लोकांनी काय काय विचारलं आहे. देव खरंच माफ करतो का, दुखतं का, आई कुठे आहे. हे कुणी विचारलं नव्हतं. "माहीत नाही," मी म्हणालो.

"विचारलं नाहीस," तो म्हणाला. ओरडून नाही, तक्रारीच्या सुरात. "उपाशी बसला की घेरी येते त्याला. पूर्वी मी खिशात काहीतरी घेऊन यायचो. कुणीतरी विचारत जा त्याला."

मग तो वाकला आणि त्याने पाटीचं चुंबन घेतलं. चेहऱ्याचं नाही, त्या गुंफलेल्या हातांचं. मागून धर्मगुरूंनी घाईघाईने शब्द सांगितले, आणि त्याने ते म्हटले, भराभर, काम उरकावं तसे, पण सगळे म्हटले. मान वर केली तेव्हा त्याच्या ओठांना तांबडा खडू लागला होता. तो पायऱ्या चढला. मी माझ्या शिडीवरून पाटी त्याच्यासमोर धरून चढलो, आणि धरून राहिलो. समोर बघायला कुणी उरलं नाही तरी धरूनच होतो. शेवटी कुणीतरी माझं कोपर धरून मला खाली उतरवलं.

संध्याकाळच्या आत मंडळाने त्याला आमच्या जागेत पुरलं. मी खड्ड्यापाशी थांबलो, माती पडल्यावर निघालो. पाटी डॉन आल्बेरिगोंकडे द्यायची होती, ती तशीच झग्याखाली घेऊन चित्रशाळेत गेलो.

फ्लोरियानो चौथऱ्याच्या कडेला बसला होता. सकाळपासून तिथेच होता असं मालक म्हणाले, आणि आम्हाला दोघांनाच ठेवून आत गेले. घंटा त्याने ऐकली होती. मी पाटी त्याच्या मांडीवर ठेवली. बोटांवरची रेघ फिसकटली होती, नखं आणि पेरं एकात एक मिसळून तांबडा डाग झाला होता. त्याला काही सांगावं लागलं नाही. तो डाग त्याने पाहिला, हात लावला नाही.

"आपल्या जागेत?" त्याने विचारलं.

मी मान डोलावली. त्याने मोठा श्वास सोडला. मग म्हणाला, "बोलला काही?"

मी सांगितलं. त्याने उजेडाकडे घ्यायला लावलं ते सांगितलं, मग खाण्याचं सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला, त्याचा हक्क होता तो. फ्लोरियानो ऐकत होता. हात मांडीवर होते, पाटीच्या दोन्ही बाजूंना, नुसते ठेवलेले.

"मग तू काय म्हणालास?"

"माहीत नाही म्हणालो."

"नव्हतंच खाल्लं मी," तो म्हणाला. "पण तू हो म्हणायचं होतंस, सान्ते. उगाच काळजी घेऊन गेला पोरगा."